भुजंगोबाची येसाई

काळनदीवर पूल नव्हता, आणि पलीकडच्या टेकडीवर जायचं तर दोन कोसांचा वळसा पडायचा, त्या काळची ही गोष्ट. किती वर्षं लोटली ते सोनवळ गावात कुणालाच सांगता येत नाही.

गावाच्या टोकाला, नदीच्या अगदी काठावर उंच चौथरा आणि त्यावर भुजंगोबाचं देऊळ. भुजंगोबा सापांचा राखणदार, आणि सापांपासून माणसांना राखणाराही तोच. त्याची पूजा येसाई गुरवीण करायची. नवरा गेला तेव्हापासून सगळं तिच्याच अंगावर होतं. पहाटे बेल आणायचा, दिवसभर पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावायच्या, तिन्हीसांजेला दिवा. देवळामागे वारुळं होती. तिथले नाग तिची चाहूल लागली की वाट सोडून बाजूला व्हायचे, असं म्हणतात.

एका श्रावणात नागपंचमीच्या आदल्या दिवशी नदी चढली. सकाळी पाणी वेशीपाशी होतं, दुपार व्हायच्या आत घरं बुडाली. सारं गाव लेकरंबाळं, शेळ्यामेंढ्या घेऊन देवळात धावलं. आणि त्यांच्या मागोमाग साप आले. वारुळांत पाणी शिरलं होतं. नाग आले, घोणस आली, धामणी आल्या. खांबांवरून, भिंतींच्या कडेनं, ओल्या दोरखंडासारखे सरपटत आले. बायका किंचाळल्या.

तेव्हा हैबती काठी घेऊन पुढे झाला. मागल्याच वर्षी त्याचा सहा वर्षांचा मुलगा साप चावून गेला होता. त्याचा पहिला घाव एका नागाच्या पाठीवर बसला. दुसरा घालणार, तोच मध्ये येसाई उभी राहिली.

"बाजूला हो, येसाई. यांनी माझं लेकरू नेलं."

"नेलं रे. शेवटी माझ्याच मांडीवर होतं ना ते? मी विसरेन का?" येसाई म्हणाली. "पण आज हेही आपल्यासारखेच जीव मुठीत धरून आलेत. देवाच्या दारात मारायचंच असेल तर आधी मला मार."

हैबतीचा हात वरच्या वर थांबला. मग काठी गळून पडली आणि मुलगा गेल्यापासून पहिल्यांदाच तो ढसाढसा रडला.

येसाईनं पळसाची पानं घेतली आणि देवळाच्या मधोमध त्यांची एक ओळ मांडली. उजवीकडे माणसं, डावीकडे साप. ती ओळ कुणी ओलांडली नाही. एक रांगतं पोर तेवढं पलीकडे गेलं, तर समोरच्या नागानं फणा मिटून घेतला आणि तो मागे सरला, असं म्हणतात.

पण पाणी काही थांबेना. ते चौथऱ्याच्या शेवटच्या पायरीला लागलं. तेव्हा सापांमधला सगळ्यात थोरला, अंगावर शेवाळ धरलेला नाग उठला आणि पाण्यात उतरला. त्याच्या मागे दुसरा, तिसरा, सगळेच. नीट एका रांगेत ते टेकडीकडे निघाले. देऊळ आणि टेकडी यांच्या मधे तर डोह होता. भर उन्हाळ्यातही त्याचा तळ कुणाला लागला नव्हता.

येसाईनं देवाला हात जोडले आणि सापांच्या मागे पाऊल टाकलं. पाणी गुडघ्याएवढं!

"चला," ती म्हणाली, "एकमेकांचे हात सोडू नका."

सारं गाव तिच्या मागून डोहावरून चालत गेलं. पायाखाली काहीतरी थंड होतं, गुळगुळीत होतं, आणि मधूनच श्वास घेतल्यासारखं हलत होतं. ते काय, हे वाकून बघायची कुणाची छाती झाली नाही.

टेकडीवर माणूस न् माणूस पोचला. साप झुडपांत दिसेनासे झाले. येसाई मात्र मागे वळून बघत होती.

"एक राहिला," ती म्हणाली.

"कोण?" हैबतीनं विचारलं.

"पाठ मोडलेला. त्याला कसं येता येईल?"

हैबतीचं तोंड उतरलं. "घाव माझा आहे. मी जातो."

"तुझी धाकटी अजून अंगावर पिते आहे. तू थांब."

ती पुन्हा पाण्यात उतरली. पाणी अजून गुडघ्याएवढंच होतं. सगळ्यांनी तिला देवळात शिरताना पाहिलं, आणि नागाला पदरात घेऊन बाहेर येतानाही पाहिलं. ती चार पावलं आली असेल नसेल, तोच कळस कलला आणि देऊळ पाण्यात गेलं. मोठी लाट उठली. लोकांनी डोळे मिटले.

हैबतीनं मिटले नाहीत. तो मरेपर्यंत एकच सांगत राहिला, "ती बुडाली नाही. पाण्यावरून चालत होती. तिच्या डोक्यावर केवढा तरी फणा उभा होता, छत्रीसारखा. ती आमच्याकडे आली नाही. नदीच्या वळणाकडे चालत गेली."

पूर ओसरल्यावर डोह पुन्हा अथांग झाला. येसाई कुणाला सापडली नाही. गावानं देऊळ नव्यानं बांधलं, त्याचा पहिला दगड हैबतीनं वाहिला.

आता नदीवर पूल आहे. पण पंचमीच्या आदल्या दिवशी सोनवळचं कुणी पुलावरून जात नाही आणि हातात काठी घेत नाही. देवळाची डावी बाजू त्या दिवशी मोकळी ठेवतात. दुपारी हैबतीच्या घराण्यातला कर्ता माणूस उपाशीपोटी डोहावर येतो आणि दूधभाताची पत्रावळ पाण्यावर सोडतो. ती येसाईची. पत्रावळ हळूहळू वाहत जाते, आणि वळणाआड होईपर्यंत काठावरचं एकही माणूस पाठ फिरवत नाही.