दमलेल्या जासुदाचे पाय

कोणे एके काळी, डोंगरांना अजून नावे पडली नव्हती तेव्हा, एका राज्यात निरोप पोहोचवणारा एक जासूद होता. त्या राज्यातल्या जासुदांची पहिली शिकवण अशी होती, ‘थकव्याकडे पाहू नये. पाहिले की तो मानगुटीवर बसतो.’

एका सकाळी डोंगरावरच्या तलावाच्या बांधाला तडा गेला. रात्र पडायच्या आत बांध फुटणार, हे उघड दिसत होते. खिंडीपलीकडच्या गावाला सावध करायला जासूद धावत निघाला.

वाटेत धुके दाटले. चार पावलांपलीकडचे दिसेना. तो धावतच राहिला. दुपार झाली, छातीचा भाता झाला, तरी खिंड येईना. शेवटी तो एका दगडापाशी कोसळला.

दगडाला एक घोरपड चिकटून बसली होती.

“मेलास की काय रे बाबा?” तिने विचारले.

“चढ संपतच नाही, घोरपडबाई.”

“चढ? कशावरून?”

“जीव जायची वेळ आलीय. एवढा दमवतो तो चढच असणार!”

“बरं. दमलायस कुठे?”

“कुठे म्हणजे? सगळीकडे!”

“सगळीकडे कुणी दमत नाही. बघ तरी.”

जासुदाने आयुष्यात पहिल्यांदा थकव्याकडे पाहिले. श्वास घशात खरखरत होता. पाहता पाहता तो संथ झाला. खांदे? ठीक होते. पोटऱ्या? त्याने चाचपून पाहिल्या. नवल म्हणजे त्या मऊ होत्या. मांड्या मात्र थरथरत होत्या, आणि पायांची बोटे वहाणांत पुढे रेटली जाऊन सोलली होती.

मनातला कल्लोळ घटकाभर थांबला, आणि त्या शांततेत त्याला सरळ दिसले. चढाने पोटऱ्या भरून येतात. मांड्या आणि बोटे दुखतात ती उताराने. खिंडीची वाट चुकून तो भलत्याच दरीत उतरत होता!

तो माघारी फिरला. थोड्याच वेळात पोटऱ्या ठणकू लागल्या, तसा तो मोठ्याने हसला.

दिवस कलताना तो गावात पोहोचला. माणसे गुरावासरांसह टेकडीवर चढली. मग पाणी आले. घरे गेली, शेते गेली. माणूस एकही गेला नाही.

टेकडीवर एका म्हातारीने त्याला पाणी दिले. “फार दमलास का रे लेकरा?”

“थांब आजी,” जासूद म्हणाला, “बघून सांगतो.”

तात्पर्य : दमलेले शरीर खरे तेच सांगते, फक्त मनाने क्षणभर थांबून त्याला विचारायला हवे.