बरण्यांशेजारची जागा

शशांकशेठ परुळेकर सकाळपासून कचेरीत येरझाऱ्या घालत होते. त्यांचा चिनी मातीच्या बरण्यांचा कारखाना रत्नागिरीत आणि गिऱ्हाइकं सगळी आंबा घाटापलीकडे. माल पोचवायला बाहेरचा वाहतूकदार नेमायचा होता, आणि कंत्राट मागायला साक्षात त्यांचे व्याही दौलतराव इंगवले येऊन बसले होते. त्यांच्या ट्रकमधून फुटका माल उतरतो हे सगळ्या बाजाराला ठाऊक. पण लेकीच्या सासऱ्याला नाही म्हणायचं कोणी?

“आमच्या गाडीत पोटातलं पाणीही हलत नाही!” दौलतरावांनी मिशीला पीळ दिला. “करा सही.”

शेठजींनी पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. तेवढ्यात माल रवाना करण्याचं काम बघणाऱ्या मृदुलाबाई हसत म्हणाल्या, “सही होईलच. तुमचा ट्रक दारात उभाच आहे, माल आत्ता भरून होईल. पहिल्या खेपेला तुम्हीही चला ना, साहेब. मागे बरण्यांशेजारी गादी घालून देते.”

“मागे? घाटातून? हाडं खिळखिळी होतील माझी!”

“तुम्ही निदान ओरडाल तरी, साहेब. बरण्यांना तेही जमत नाही.”

दौलतरावांनी कंत्राटाचा कागद घडी करून खिशात घातला. सकाळपासून पहिल्यांदाच शेठजी खुर्चीत टेकले.