डरकाळीचा मान

फार फार वर्षांपूर्वी, थंडीच्या दिवसांत, सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी ही गोष्ट सुरू झाली. कारण त्याच वेळी एका गावातली मोटार पहिल्यांदा ओरडली.

गाव होतं खोल खोऱ्यात. चारी बाजूंनी डोंगर. बाहेर जायला एकच रस्ता, घाट चढून खिंडीपर्यंत, आणि खिंडीपलीकडे उताराच्या पायथ्याला राजाचा दवाखाना. माणूस आजारी पडला की त्याला घाट चढवायचा कसा? म्हणून राजाने गावाला एक मोटार दिली होती. देताना म्हणाला होता, "एका गावाला एकच. जपा. दुसरी मिळणार नाही."

मोटार चालवायला एक म्हातारा होता. त्याची एक खोड होती. सकाळी मोटार सुरू केली की तो लगेच निघत नसे. शांत बसून विडा जमवायचा. पानाच्या शिरा काढ, चुना लाव, सुपारी कातर. तोवर मोटार आपली मांजरासारखी गुरगुरत उभी. विडा तोंडात गेला की मग हळूच गिअर पडायचा. लोक वैतागायचे, पण मोटार कधी वाटेत थांबली नाही.

मग म्हाताऱ्याची नजर मंदावली. मोटार त्याने आपल्या पुतण्याच्या हातात दिली.

त्या थंडीतल्या सकाळी मुखियाचे जावई सासरवाडीहून परत निघाले होते. पुतण्याच्या मनात आलं, पाहुण्यांना जरा थाट दाखवावा. त्याने मोटार सुरू केली आणि जागेवरच पायडल दाबून तीनदा रेस दिली. घर्रर्रर्र! झाडावरचे कावळे उडाले. कुत्री ओट्याखाली शिरली. जावईबापू छाती फुगवून म्हणाले, "वा! याला म्हणतात मान!"

म्हातारा धोतर सावरत धावत आला. "अरे पाय काढ! काढ पाय!"

"काय झालं काका? विडा राहिला का तुमचा?"

सगळे हसले. म्हातारा मात्र हसला नाही. म्हणाला, "रात्रभर ऑइल खाली उतरून बसलेलं असतं. ते वर चढून सगळीकडे माखलं पाहिजे. तेल न लावता कुणी बाळाचं अंग रगडतं का? सालटी निघतील. आणि ऑइल चढलं म्हणून उगाच जागेवर पळवायची का तिला? ती ओरडते तेव्हा आतून घासते, बाबा."

"काका, मोटार लोखंडाची आहे."

"लोखंडच घासतं," म्हातारा म्हणाला.

पण ऐकतो कोण! जावयाला तीन डरकाळ्या मिळाल्या म्हटल्यावर दुसऱ्या घरच्या व्याह्यांना चार लागल्या. वरात निघाली की डरकाळी. परगावी निघालेल्या सासूबाईसुद्धा मोटारीत बसून विचारायच्या, "का रे, शेजारणीला चार आणि मला दोनच? मी काय वाटेवर पडले आहे?" डरकाळीशिवाय मोटारीत बसणं म्हणजे अपमान, असा रिवाजच पडला.

त्या गावात एक तरुण आई होती. बाळाचं बारसं करून माहेराहून आली, त्या दिवशी तीही अडून बसली. "थोरल्या जाऊबाईंना पाच दिल्या होत्या. माझ्या बाळाला सात पाहिजेत." पुतण्याने सात दिल्या. बाळ दचकून रडलं. आईला मात्र भरून पावल्यासारखं झालं.

डरकाळ्यांच्या या रिवाजाला तीन वर्षं झाली. आता मोटार निळसर धूर सोडायला लागली. महिन्याला लागायचं तेवढं ऑइल आठवड्यात पिऊन टाकायची. आतून टकटक आवाज यायचा.

"खोकतेय रे ती," म्हातारा म्हणायचा.

"थंडी बाधली असेल काका. काढा देऊ का?"

पुन्हा सगळे हसायचे.

आणि एका दुपारी त्या तरुण आईच्या बाळाला ताप भरला. बघता बघता अंग फणफणलं. डोळे वर गेले, हातपाय ताठ झाले. आकडी आली! नवरा दूर रानात कामाला गेलेला. ती बाळ छातीशी धरून अनवाणी मोटारीकडे पळाली. "दादा, दवाखाना! लवकर!"

पुतण्याने मोटार सुरू केली. तेवढ्यात म्हातारा कुणालाही न विचारता पुढच्या बाकावर येऊन बसला. "चल," एवढंच म्हणाला.

घाट सुरू झाला. पुतण्याने पायडल तळाला टेकवलं. मोटार ओरडायला लागली, पण आवाजाच्या मानाने पुढे सरकेना. टकटक वाढत गेली. मागे धुराचा लोट. दुसऱ्या वळणाला समोरून वाफ यायला लागली.

"पळवा दादा, पळवा!" आई ओरडत होती. बाळाची आकडी सुटली होती, पण अंग निखाऱ्यासारखं होतं आणि ते डोळे उघडत नव्हतं.

"पाय उचल," म्हातारा म्हणाला.

"काका, बाळ जाईल!"

"मोटार इथे बसली तर नक्की जाईल. अजून सात वळणं आहेत."

पुतण्या ऐकेना. भीतीने त्याचा पाय जणू पायडलला चिकटला होता. तेव्हा म्हातारा मागे वळला. "पोरी, माझं तो ऐकणार नाही. तू सांग त्याला. हळू घे म्हणून तूच सांग."

बायांनो, तुम्हीच विचार करा. मांडीवर लेकरू तापाने भाजतंय आणि आईने म्हणायचं, हळू चला! तिने बाळाच्या छातीवर हात ठेवला. छाती भराभर वर खाली होत होती. मोटारीच्या पोटातली टकटकही तिला तशीच वाटली, दम लागलेल्या जिवासारखी.

ती म्हणाली, "दादा, हळू घ्या."

पुतण्याने पाय उचलला. आवाज खाली आला. मोटार मुंगीसारखी चढू लागली, पण चढू लागली.

प्रत्येक वळणाला म्हातारा थांबायला लावायचा. वाफ ओसरू द्यायचा. मोटारीत पाण्याचा एकच डबा होता. थोडं पाणी इंजिनाला, थोडं आईच्या पदराला. ती ओला पदर बाळाच्या कपाळावर ठेवायची, तो लगेच कढत व्हायचा. तिसरं वळण. चौथं. पाचव्या वळणाला तिने विचारलं, "बाबा, निघायचं ना आता?" म्हातारा म्हणाला, "अजून नाही." ती ओठ चावून बसली. सहाव्याला डब्यात ओंजळभर पाणी उरलं. म्हाताऱ्याने डबा तिच्या हातात दिला. "हे बाळाला. मोटारीचं आता देव बघेल."

शेवटच्या, नवव्या वळणावर, खिंड समोर दिसत असताना, आत काहीतरी खाडकन तुटलं. मोटार गप्प झाली.

वीस पावलं उरली होती. पुतण्या खाली उडी मारून दाराशी आला, एका हाताने स्टिअरिंग धरून रेटू लागला. मागून म्हाताऱ्याने खांदा लावला. आईने बाळ बाकावर निजवलं, पदर खोचला आणि तिनेही जोर लावला. फक्त तिघांचे श्वास ऐकू येत होते. एक पाऊल. मग दुसरं. चाक खिंडीच्या माथ्यावर आलं, तिघं धावत आत बसली, आणि पुढचा उतार मोटार आपोआप उतरली. पुतण्याचा पाय आता फक्त ब्रेकवर होता.

तिन्हीसांजेला दवाखान्यात बाळ रडलं. त्या रडण्याने आईच्या जिवात जीव आला.

बाळ वाचलं. मोटार वाचली नाही.

राजाच्या कारागिराने ती उघडून पाहिली. घासून पातळ झालेले तुकडे गावकऱ्यांपुढे ठेवले आणि म्हणाला, "ही वीस वर्षं चालली असती. तुम्हाला वाटतं घाटाने हिला मारलं? घाटासाठीच तर ही बनली होती. तुम्ही हिला उभ्या जागी मारलंत."

पुतण्या मान खाली घालून उभा राहिला. मुखियाने राजापुढे हात जोडले. राजा म्हणाला, "एका गावाला एकच."

पुढच्या वैशाखात माळावरच्या एका धनगरिणीला साप चावला. दोन लेकरांची आई होती ती. पुतण्या आणि गावचे तरणेबांड गडी तिला झोळीत घालून घाट चढले. न थांबता चढले, पायांची सालं निघेपर्यंत चढले. तिची लेकरं खाली वाटेकडे बघत बसली होती. झोळी खिंडीपर्यंत पोहोचली, पण तोवर तिचा श्वास थांबला होता.

ती जन्मात एकदाही मोटारीत बसली नव्हती. एकाही डरकाळीचा मान तिने कधी मागितला नव्हता.

बोध: जे अडीअडचणीला जीव वाचवणार आहे, त्याची ताकद मिरवण्यात झिजवू नये; झीज एकाची होते आणि किंमत भलत्यालाच मोजावी लागते.

तुमच्या घरात, तुमच्या गल्लीत जो कुणी उभी गाडी उगाच रेस करतो, त्याला ही गोष्ट सांगा. आणि त्याला म्हणावं, तूही पुढे आणखी एकाला सांग.