मनगटावरचा हात

"...पण लागलेली हाय उतरवायची कशानं, मास्तर? तेवढं सांगा."

तवनाप्पा मास्तर फक्कीची रेघ ओढत होते. पांढऱ्या पुडीचा डबा हातात, कंबर वाकलेली, नजर रेघेवर. शाळेतून निवृत्त होऊन जमाना झाला, पण गावच्या कबड्डीच्या मैदानावरची मधली रेघ अजून तेच आखायचे. दुसऱ्या कुणी आखलेली त्यांना वाकडीच दिसायची.

"कुणाची हाय?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"एका बाईची."

"आणि लागली कुणाला?"

"मला."

मास्तरांनी रेघ पुरी केली, डबा खाली ठेवला आणि मग कुठं सावकाश मान वर केली.

समोर उभा होता धैर्यशील ऐनापुरे. टीव्हीवर ज्याची चढाई आली की लोक हातातला घास हातात ठेवून बघत बसतात, तोच. याच मातीत, याच मास्तरांच्या हाताखाली घडला आणि इथूनच मोठ्या लीगमध्ये गेला. एवढा नावाजलेला गडी भर दुपारी चोरासारखा गावात शिरला होता. डोक्यावर टोपी, तोंडावर मास्क, गाडी ओढ्यापलीकडं लावलेली. कुणी ओळखेल, कुणी फोटो काढेल, कुणी त्या बाईचं विचारेल, या धास्तीनं तो सारखा मागं बघत होता. नाव धैर्यशील आणि पाचावर धारण बसलेली.

"बस की," मास्तर म्हणाले.

तो बसला नाही. टोपी आणि मास्क काढून त्यानं खिशात कोंबले.

"दम तुटतोय माझा, मास्तर."

कबड्डीत चढाई करणाऱ्याचं सगळं भांडवल म्हणजे त्याचा दम. एका श्वासात 'कबड्डी, कबड्डी' म्हणत पलीकडच्या अंगणात जायचं आणि त्याच श्वासात परत यायचं. मध्ये श्वास घेतला की पंचांची शिट्टी, आणि गडी बाद. धैर्यशीलचा दम असा की त्याला पकडायला टपलेले सातजण वाट बघून कंटाळायचे, पण याचं म्हणणं काही संपायचं नाही.

"आता रेघ ओलांडली की गळ्यात गोळा येतो," तो म्हणाला. "छातीत हवा असते. पण... तुटतं. सगळ्या जगासमोर."

"डॉक्टर?"

"म्हणतात, छाती ठणठणीत आहे."

"तुमचे प्रशिक्षक?"

"शनिवारी शेवटची संधी म्हणालेत. परत तुटला तर बाकावर बस म्हणाले." त्याचा आवाज खाली गेला. "बाकावर बसलेल्याला परत कोण उठवतंय, मास्तर? खायला बसलो तर भाकरी गिळवत नाही. झोपलो की शिट्टी ऐकू येते."

मास्तरांनी त्याच्या पायाकडं बघितलं. घोट्याला काळा दोरा होता. खिशातून लिंबू फुगलेलं दिसत होतं.

"बरेच इलाज केलेले दिसतात."

"ज्यानं जे सांगितलं ते केलं."

"बाईचं सांग आता."

धैर्यशीलनं परत एकदा ओढ्याकडं वळून बघितलं.

"सही मागायला आली होती. स्टेडियमच्या दारात. बसमधून उतरून आत जात होतो. सामन्याच्या दिवशी मी कुणाला अंगाला हात लावू देत नाही. तुम्हीच शिकवलंय, धरू द्यायचं नाही."

"मैदानात."

"...सवय लागते, मास्तर."

सवय कसली, कलाच झाली होती ती. सही मागणाऱ्या गर्दीतून हा खांदा पाडून, कंबर वळवून, सगळ्यांच्या हातावर तुरी देऊन असा निसटायचा की सोबतचे खेळाडू हसून लोटपोट व्हायचे. ते बापडे उभे राहून सह्या देत, फोटो काढू देत. हा बसमध्ये पडदा ओढून बसायचा. लोक रुसू नयेत म्हणून त्याच्या व्यवस्थापकानं छापील सहीचे फोटो करून घेतले होते, ते व्यवस्थापकच वाटत सुटायचा. यात आपलं काही चुकतंय असं धैर्यशीलला कधी वाटलं नव्हतं. लोकांना कागद मिळाल्याशी मतलब, अशी त्याची समजूत.

"त्या दिवशी ती बाई दोरीखालून वाकून पुढं आली," तो सांगू लागला. "मला दिसली नाही. एकदम मनगट धरलं. मी काही केलं नाही, मास्तर. हातानंच केलं. पकड सोडवायचा झटका असतो ना, तोच बसला. ती पायरीवर पडली. हाताचं हाड मोडलं म्हणे."

"म्हणे?"

"नंतर कळलं. मी... आत गेलो. सामना होता."

मास्तरांनी हाताची फक्की धोतराला पुसली.

"त्याच सामन्यात पहिल्यांदा दम तुटला. तेव्हापासून तुटतोय. तिची हायच आहे, दुसरं काही नाही. हाड मोडल्यावर माणूस तळतळाट केल्याशिवाय राहील का? मी तिच्या जागी असतो तर सात पिढ्यांचा उद्धार केला असता."

मास्तरांनी आपलं मनगट पुढं केलं.

"कशी धरली होती? दाखव."

धैर्यशीलनं त्यांचं मनगट अलगद धरलं. एवढा वेळ चाचरणारा त्याचा आवाज एकदम पक्का झाला.

"डाव्या हातानं. अंगठा वरून, चार बोटं खालून. पकड कच्ची होती. बोटांना घाम होता. करंगळीत जोर नव्हता, म्हणजे कधी खेळलेली बाई नव्हे."

"वा! आणि चेहरा?"

"...अं?"

"तोंडावळा. कशी होती दिसायला?"

त्यानं आठवून बघितलं. डोळे मिटून बघितलं. घामेजलेली बोटं आठवत होती, हातातल्या बांगड्यांचा थंडपणा आठवत होता. त्याच्या वर काहीच नव्हतं.

"पन्नाशीची असेल," तो पुटपुटला. "मावशीच्या वयाची."

"सही कशावर हवी होती?"

"उजव्या हातात काहीतरी होतं... बघितलं नाही."

"नाव?"



धैर्यशीलनं मान खाली घातली आणि नेमकं तेव्हाच मास्तरांनी झडप घालून त्याचं मनगट पकडलं. म्हातारा झाला म्हणून काय झालं, पकड करंगळीपासून आवळलेली होती.

आणि धैर्यशीलच्या हातानं परत तेच केलं.

झटका बसला. मास्तर भेलकांडले आणि आताच आखलेल्या रेघेवर पाठीवर पडले. फक्कीचा पांढरा धुरळा उडाला.



"मास्तर!"

तो गुडघ्यांवर आदळलाच. त्यांच्या मानेखाली हात घातला, खांदा चाचपला, कोपर चाचपलं.

"लागलं का? कुठं लागलं? मास्तर... बोला की हो!"

मास्तर आभाळाकडं बघत पडून होते. मिशीला फक्की लागली होती.

"हाड शाबूत आहे," ते म्हणाले.

धैर्यशीलनं सुस्कारा सोडला. डोळ्यांत पाणी आलं होतं ते त्यानं बाहीला पुसलं.

"आता बसलास गुडघ्यावर..." मास्तर पडल्यापडल्याच म्हणाले. "तिथं बसला होतास?"

"नाही."

"हं. उठव मला."

त्यानं त्यांना उठवलं. मास्तरांनी धोतर झटकलं आणि मैदानाच्या कडेला सामान ठेवायची खोली होती तिच्यात गेले. परत आले तेव्हा हातात जुन्या लुगड्याच्या कापडाची पुरचुंडी होती.

"बुधवारी येऊन गेली ती."

"कोण?"

"शेवंता खोत. तुला नाव माहीत नाही म्हणून सांगतो. कागलकडची आहे. तुझी चढाई आली की टीव्हीवाले तुझ्या गावाचं आणि माझं नाव घेतात, त्यावरून विचारत विचारत आली. डावा हात गळ्यात बांधलेला, सोबत नवरा. एसटीनं आले होते."

धैर्यशीलचा चेहरा पांढराफटक पडला. आता तक्रार होणार. पेपरात येणार. शनिवार गेलाच.

"केस करायची म्हणतात?"

"नाही."

"मग शिव्या द्यायला आली होती?"

"विचारायला."

"काय?"

मास्तरांनी डोळे बारीक केले. बाईचे शब्द जसेच्या तसे आठवत असावेत, कारण ते थांबून थांबून बोलले.

"म्हणाली, मास्तर, माझ्या हाताची दृष्ट लागली हो पोराला. खेळाच्या आधी शिवू नये ते मी शिवले. मला मेलीला भान राहिलं नाही. त्या दिवसापासून लेकराचा दम तुटतोय. माझ्यापायी त्याचा खेळ बुडायचा... ही दृष्ट उतरवायची कशी, तेवढं सांगा."

धैर्यशील त्यांच्या तोंडाकडं बघत राहिला.

"तिची... हाय नाही?"

मास्तरांनी पुरचुंडी त्याच्या तळहातावर ठेवली.

त्यानं गाठ सोडली. आत मीठ होतं, मोहऱ्या होत्या, चार वाळक्या मिरच्या होत्या. आणि मूठभर काळी माती.

कुणाची माती ते त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तो याच मुलखात वाढला होता. ज्याची नजर लागली त्याच्या पायाखालची माती मिळवायची, मीठमोहऱ्यांत घालून उतरून टाकायची आणि चुलीत जाळायची. ती माती मिळवायला बायका काय काय युक्त्या करतात, शेजारणीच्या उंबऱ्यावर कशा पाळत ठेवतात, ते त्यानं लहानपणी बघितलं होतं. आपल्याच पायाखालची माती आपणच काढून, पदरमोड करून, एसटीनं आणून देणारी बाई मात्र त्यानं कधी ऐकली नव्हती.

"पोराच्या अंगावरून उतरा म्हणाली. तुम्ही त्याचे गुरू, तुमच्या हातानं उतरा."

"तिला तुम्ही सांगितलं नाहीत? चूक माझी आहे म्हणून?"

"सांगितलं. पटलं नाही तिला. तुझ्यासारखीच हट्टी आहे."

धैर्यशीलनं नकळत चिमूटभर माती उचलली आणि कपाळाला लावली. चढाईला जाताना पूर्वी लावायचा तशी. मॅटवर खेळायला लागल्यापासून कपाळाला माती लागलीच नव्हती. मोहरीचा एक दाणा भुवईवर चिकटून राहिला.

तो तिथंच उकिडवा बसला.

"आल्या आल्या का नाही सांगितलंत, मास्तर?"

"तू तिचं विचारलंस कुठं? हाय उतरवायचं विचारलंस."

"अजून काही बोलली?"

"टीव्ही बघणं सोडलंय तिनं." मास्तर धोतराचा सोगा खोचत म्हणाले. "आपली नजर वाईट म्हणते. तुझी चढाई आली की उठून गोठ्यात जाते. म्हशीजवळ डोळे मिटून उभी राहते. नवरा घरातनं ओरडून सांगतो, गेला! आणि तू परत आलास की, आला! तेवढा वेळ ही बाई श्वास धरून उभी. तुझ्याएवढाच. एका दमात."

"माझ्याएवढाच?"

"हल्ली तुझ्यापेक्षा जास्त. नवरा 'दम तुटला' म्हणून ओरडतो, तरी हिचा धरलेलाच असतो. म्हणाली, मास्तर, माझा टिकतो आणि त्याचा तुटतो, हे काय उफराटं झालं? आणि रडायला लागली."

धैर्यशीललाही रडू आलं, ते त्यानं लपवलं नाही. आपल्या चढाईच्या वेळी घराघरांत काय चालतं याचा त्यानं कधी विचारच केला नव्हता. बसच्या पडद्याआडून बघितलं की गर्दीला फक्त हात असतात.

मग त्यानं डोळे पुसले, पुरचुंडीची गाठ बांधली आणि ती उतरून न टाकता शर्टाच्या खिशात ठेवली. खिशातलं लिंबू काढून बाजूला ठेवलं.

"मी सहीचा टी-शर्ट पाठवून देतो तिला. चांगला, अंगात घालून खेळलेला."

मास्तरांनी फक्कीचा डबा उचलला.

"दवाखान्याचं सगळं बघायला माणूस पाठवतो."

मास्तरांनी डब्याचं झाकण लावलं.

"...मी जातो. स्वतः."

"हं."

"आत्ताच जातो." तो उठला. दोन पावलं गेला आणि अडखळला. शनिवार परत त्याच्या मानगुटीवर येऊन बसला. आजचा सराव बुडणार होता, उद्याचाही बुडेल. प्रशिक्षक चिडतील. ती दार उघडेल की नाही कुणास ठाऊक. आपली दृष्ट लागेल म्हणून गोठ्यात जाऊन लपली तर? पाया पडायला वाकलो आणि मागं सरली तर?

टोपी आणि मास्क त्यानं खिशातून काढले. ते घालायचे की नको, हेही त्याला सुचेना.

तो वळला.

"मास्तर, एकच खरं सांगा. तिच्या घरी गेलो, तिचा हात हातात घेतला, माफी मागितली..." त्यानं खिशातली पुरचुंडी चाचपली. "तर माझा दम परत येईल ना?"

मास्तरांनी त्याच्या भुवईवरचा मोहरीचा दाणा बोटानं टिपून घेतला.

"आधी तिला तिचा श्वास सोडू दे."