सांध्यांची वेस

पाहुणं, फोटो काढायच्या आधी आमच्या खडकोळच्या वेशीकडं नीट बघा. ठिगळं लावलेल्या गोधडीवानी दिसती ना? औंदाच नवा गिलावा झालाय तिचा. गवंड्यांना येत नाही असं नव्हं, त्यांनी सांधे मुद्दाम ठेवल्यात. त्याचं असं झालं म्हणे.

लई वर्षांमागं पावसानं वेशीचं तोंड पार सोलून काढलं. ते पुन्हा नीट करायला धोंडजी गवंडी बांबूच्या परांचीवर चढला. त्यानं घोटलेला चुना म्हंजे आरसाच. जोडीदार म्हसू खालनं चिडवायचा, "धोंड्या, एवढा नको घोटू. तुझं तोंड दिसलं तर बैलं बुजतील!" धोंडजी हसायचा, पण हात थांबवायचा नाही. ओला चुना मधीच सोडला की तिथं सांधा पडतो, आन् सांधा पडला की गवंड्याचं नाक कापलं.

शेवटचा हात चालला होता तवा त्याची बायको सगुणा पळत आली. लेक ठकू तापानं फणफणली होती.

"अवं, खाली या. ठकू सारखी बा-बा करतीया."

"आलोच. एवढा पट्टा घोटतो."

ती घरी जाऊन पुन्हा आली. "डोळं फिरवतीया वो पोर!"

"आलोच म्हटलं ना! चुना थांबतोय व्हय माझ्यासाठी?"

त्यानंतर सगुणा आली ती चालत. वेशीखाली उभी राहिली. हाक काय मारली नाही. म्हसूनं तिच्याकडं बघितलं आन् डोईचं मुंडासं काढलं. तवा कुठं धोंडजीचा हात थांबला.

ठकूला माती देऊन तो पुन्हा वर चढला, असं सांगत्यात. साऱ्या भिंतीवरनं तळवा फिरवत राहिला.

"काय हुडकतोस?" म्हसूनं विचारलं.

"सांधा. तिच्यासाठी कुठंतरी थांबलो आसंन की रं मी."

सांधा कुठंच नव्हता.

मग त्यानं थापीनं सगळा गिलावा खरवडून काढला. रडत नव्हता म्हणे, नुसता खरवडत होता. कुणी अडवलं नाही.

आजही ह्या वेशीवर "आलोच" म्हणायचं नाही. घरची हाक आली की थापी टाकायची आन् उतरायचं, भिंतीचं काय व्हायचं ते होऊ दे. तो डावीकडचा सांधा बघा, औंदाचा. राघू गवंड्याच्या आईसाठी हाक आली होती. म्हातारी काय वाचली नाही. पण तिच्या तोंडात पाणी राघूनंच घातलं.