नववा गडी कोण?

सोनकडा संस्थानात हुतूतूचा पंच टिकत नव्हता.

कारण साधं होतं. रणधवल महाराज स्वतः खेळायचे. ते चढाईला गेले, की समोरचे गडी अदबीनं बाजूला सरायचे. एखादा फार धीट असला, तर मुजरा करून सरायचा. महाराज प्रत्येकाला शिवून निवांत परत यायचे आणि प्रजा धन्य व्हायची. एकदा त्यांचा पाय घसरून मैदानाच्या रेषेबाहेर गेला. पंच म्हणाला, "महाराज बाद." अंधार पडायच्या आत तो बायकापोरांसकट संस्थानाबाहेर होता. त्याच्या जागी आलेला पंच शहाणा होता. महाराज पुन्हा रेषेबाहेर गेले, तेव्हा तो म्हणाला, "महाराज जागेवरच आहेत, रेषाच आत सरकली." पण महाराजांना खुशामतीचाही मनस्वी तिटकारा. त्या पंचाची गाढवावरून धिंड निघाली.

अशात शेजारच्या भिवदरीचे राजे मानाजीराव आपला संघ घेऊन आले. हद्दीवरच्या कुरणावर दोघांचाही हक्क होता, म्हणजे दोघांचंही तसं म्हणणं होतं. जो सामना जिंकेल त्याचं कुरण, असं ठरलं.

सामन्याच्या दिवशी सकाळपासून दरबारात साथ पसरली. ज्याला पंच म्हणून बोलावणं जाई, तो आजारी पडे. कोतवालांना ताप भरला. राजवैद्यांना दिसेनासं झालं. शास्त्रीबुवांनी तर मौन धरलं आणि ते कधी सुटेल हे सांगायलाही तोंड उघडेनात.

मैदानावर कोंडाबाई वाकून फक्कीनं मधली रेषा आखत होती. मैदानाची निगा तिच्याकडे असे. महाराजांची नजर तिच्यावर गेली.

"कोंडाबाई, आज तू पंच."

"मी, सरकार?"

"रेषा कुठे आहे ते तुला माहीत आहे. दरबारात तेवढंही कुणाला दिसत नाही आज."

"मग घरी निरोप धाडते, सामान बांधून ठेवा म्हणून," कोंडाबाई हात झटकत म्हणाली. "की गाढव बघायला सांगू?"

मानाजीराव मिशीत हसले. महाराज हसले नाहीत.

सामना सुरू झाला. बराच वेळ बरोबरी चालली. मग महाराज चढाईला निघाले. "हुतूतूतू..." करत त्यांनी भिवदरीच्या दोघांना शिवलं आणि सवयीप्रमाणे सावकाश वळले. पण भिवदरीच्या बिरूला सोनकड्याचे रीतिरिवाज कुणी सांगितलेच नव्हते. त्यानं सरळ महाराजांच्या कमरेला मिठी घातली.

सगळं मैदान गार पडलं. महाराज पडले, रेटले, धुळीतून फरपटत रेषेकडे सरकले. "हुतूतू... हुतू... अगं आई गं" असा आवाज आला आणि त्याच झटक्यात त्यांची बोटं मधल्या रेषेला लागली.

धूळ खाली बसली. महाराज उठले.

"रेषा गाठली," ते म्हणाले.

"आधी दम तुटला," मानाजीराव म्हणाले.

सोनकड्याच्या प्रजेनं आभाळाकडे बघायला सुरुवात केली. आभाळात काही नव्हतं.

महाराज कोंडाबाईसमोर येऊन उभे राहिले. "बोल. जे पाहिलंस तेच सांग. खुशामत केलीस तर धिंड काढीन. आणि महाराज बाद म्हणालीस, तर आज मुक्काम संस्थानाबाहेर."

बोटं रेषेला लागण्याआधी आई आली होती, हे तिनं हाताच्या अंतरावरून ऐकलं होतं. तिनं पदर खोचला.

"निकाल देते, सरकार. पण त्याआधी एक विचारू? सामन्याला एका बाजूनं गडी किती उतरायचे?"

"नऊ. पोराटोरांनाही माहीत आहे."

"आणि कमी उतरले तर?"

"तर ती बाजू हरली," मानाजीरावांनी घाईनं सांगितलं.

"आता आपल्या बाजूचे मोजते." तिनं बोटानं मोजले. "हे आठ गडी. नववे आपण. तर आत्ता चढाईला कोण गेलं होतं, सरकार? महाराज की गडी?"

"म्हणजे काय?"

"महाराज गेले असतील, तर महाराज बाद नाहीत. महाराज कसे बाद होतील? पण मग आपल्याकडे गडी आठच राहतात. सामना गेला, कुरणही गेलं. आणि नववा गडी गेला असेल, तर त्या बिचाऱ्याचा दम तुटला. तो बाद. सामना चालू."

महाराज गुरगुरले. "मी दोन्ही आहे."

"मग दहा होतात, सरकार. तेही चालत नाही."

मानाजीरावांनी उपरणं तोंडात कोंबलं. महाराजांनी कोंडाबाईकडे पाहिलं, मग बिरूकडे. आपण काय केलं हे बिरूला आता कुणीतरी कानात सांगितलं होतं आणि तो दुसऱ्या गड्याच्या पाठीमागे सरकत होता. महाराजांनी आपल्या कमरेवरून हात फिरवला. आजवर कुणी त्यांना असं धरलंच नव्हतं. त्यांच्या ओठांचा कोपरा हलला, खांदे हलले आणि ते धुळीनं माखलेली दाढी धरून खदखदा हसले. महाराज हसताहेत अशी खात्री करून घेऊन मग प्रजाही हसली.

"गडी गेला होता, कोंडाबाई," ते डोळे पुसत म्हणाले. "गडी बाद."

त्यांनी मनगटातलं सोन्याचं कडं काढून तिच्या हातात घातलं. मग इकडेतिकडे बघू लागले. जन्मात कधी बाद न झाल्यानं त्यांना पुढचं ठाऊक नव्हतं.

"बाद झालेला बसतो कुठे?"

प्रधानजी लगबगीनं पुढे झाले आणि छताखालच्या गादीकडे हात करून वाकले.

"तिथं महाराज बसतात," कोंडाबाई म्हणाली. "गडी तिकडं, उन्हात."

महाराज उन्हात जाऊन बसले.