लाखेची मोहर

एकदा एक अख्खे नगर भयाने गांगरून गेले. परचक्र आले नव्हते, नदीला पूर नव्हता, रोगराईही नव्हती. भयाचे कारण काय, तर लाकडाच्या दोन पेट्या. ऐकणाऱ्याला हसू येईल. पण त्या दिवसांत त्या नगरात कोणीही हसत नव्हते.

नगराला पटाचे वेड होते. बारा वर्षांपूर्वी दूर देशीच्या एका पटकाराने घडवलेला सोंगट्यांचा पट तिथे आला, आणि तेव्हापासून सावकारापासून कासारापर्यंत सगळे संध्याकाळी देवळाच्या मंडपात फासे टाकायला बसू लागले. पटावरची वाट नऊ खंडांतून जाई. तिच्यावरची अरण्ये, वेशी, नद्या लोकांना तोंडपाठ झाल्या. मग लोकांना पुढचे हवे झाले. पटकार दुसरा पट घडवतो आहे अशी वार्ता दर वर्षी येई आणि दर वर्षी खोटी ठरे. लोक चिडत, पटकाराला नावे ठेवत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच पटाच्या गप्पा मारत.

ज्या वृद्ध गुरुजींनी नगरातल्या बहुतेकांना हा खेळ शिकवला, त्यांचे घर मंडपाला लागूनच होते. विश्वंभर नावाचा त्यांचा शिष्य त्यांच्याच घरी राहून त्यांचे सारे करी. त्या वर्षी वैद्यांनी गुरुजींचे डोळे तपासले आणि विश्वंभराला ओसरीवर नेऊन हळू आवाजात सांगितले, "दृष्टी जाणार. यावर औषध नाही. महिना, फार तर दीड महिना."

गुरुजींनी ते आतून ऐकले होते. ते रडले नाहीत, देवाला दोषही दिला नाही. एवढेच म्हणाले, "विश्वंभरा, डोळे आहेत तोवर तो नवा पट एकदा बघायला मिळाला असता, तर बरं झालं असतं."

आणि काय योग पाहा, त्यानंतर आठच दिवसांनी, वद्य दशमीला, एक व्यापारी पंधरा बैल घेऊन नगरात उतरला. नवा पट आला होता! बाजारात ही गर्दी उसळली. व्यापाऱ्याने दोन पेट्या उंच धरल्या. एकीवर सूर्य कोरलेला, दुसरीवर चंद्र. दोन्हींवर लाखेची मोहर.

"नवा पट दोन पेट्यांत आहे," तो म्हणाला. "सूर्यपेटीत आहे ते चंद्रपेटीत नाही आणि चंद्रपेटीत आहे ते सूर्यपेटीत नाही. माल थोडका आहे, म्हणून एका घराला एकच पेटी मिळेल."

एकच गिल्ला उठला.

"म्हणजे अर्धाच पट?" जिवाजी कासार ओरडला. "बारा वर्षं वाट पाहून अर्धा पट घ्यायचा?"

"एका पेटीत सगळं मावेना, महाराज."

"मागचा मावला होता की!" फुलवाली सगुणाबाई म्हणाली. "तेव्हा बरं मावलं? लोकांना काय दूधखुळे समजलात का?"

कोणी शपथ घेतली की असल्या पेटीला हात लावणार नाही. कोणी पटकाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. संध्याकाळी मंडपात सभा भरली आणि व्यापाऱ्यावर बहिष्कार घालायचे एकमताने ठरले. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्याच्या राहुटीपुढे रांग लागली, तेव्हा रांगेत पहिला होता जिवाजी कासार.

विश्वंभर मात्र आदल्या दिवशीच पेटी घेऊन घरी गेला होता. त्याला चंद्रपेटी मिळाली होती. तो मोहर फोडणार एवढ्यात शेजारच्याने निरोप आणला की व्यापाऱ्याने नवी सवलत दिली आहे. पौर्णिमेला तो नगर सोडणार, तोवर पेटी बदलून मिळेल. अट एकच, मोहर शाबूत हवी. विश्वंभराचा हात तिथेच थांबला.

सवलत मोठी गोड होती, पण तिने नगराची झोप उडवली. मोहर फोडली की निवड कायमची झाली, आणि फोडली नाही तर आत काय आहे ते कळत नाही. त्यामुळे घरोघरी पेट्या आल्या आणि देवघरात, कोठीत, धान्याच्या कणगीत जाऊन बसल्या. उघडली कोणीच नाही. ज्यांनी जुना पट बारा वर्षे खेळला, त्यांनी नव्याच्या नादात तोही गुंडाळून ठेवला. मंडपात आता फाशांचा आवाज येत नव्हता. लोक कोपऱ्याकोपऱ्यात उभे राहून कुजबुजत.

"ऐकलंत का, चंद्रपेटीत राजाची सोंगटीच नाही म्हणे."

"छे हो, उणी आहे ती सूर्यपेटी. तिच्या पटाला शेवटचं घरच नाही. माझ्या साडूनं सांगितलं."

साडूला कोणी सांगितले, हे कोणी विचारत नव्हते. ज्यांच्याकडे सूर्यपेटी होती ते चंद्रपेटीवाल्यांकडे संशयाने पाहू लागले, आणि चंद्रपेटीवाले त्यांच्याकडे.

विश्वंभराचे भय या सगळ्यांपेक्षा खोल होते. इतरांचा पट उणा निघाला तर ते हळहळतील आणि विसरतील. पण गुरुजींना या जन्मी एकच नवा पट दिसणार होता. तोच चुकीचा निघाला तर?  तो पेटी कानाशी धरून हलवून पाही, हातांवर तोलून पाही. राजा नसल्याचे ऐकले तेव्हा त्याने चंद्रपेटी देऊन सूर्यपेटी आणली. शेवटचे घर नसल्याचे ऐकले तेव्हा सूर्यपेटी देऊन पुन्हा चंद्रपेटी आणली. व्यापारी त्याला लांबूनच ओळखू लागला.

"आली का रे पेटी?" गुरुजी विचारत.

"आली आहे, गुरुजी. जरा खात्री करून घेतो. थोडा दम धरा."

"बरं," गुरुजी म्हणत.

एके सकाळी गुरुजी तांब्यातून पाणी ओतून घेत होते. धार पेल्याच्या बाहेर पडत होती आणि ते शांतपणे ओतत राहिले होते. विश्वंभराने ते पाहिले. आता तरी त्याने काय करायला हवे होते, हे मी सांगायला नको. पण भ्यालेला माणूस उजेडाकडे धावत नाही, तो रोजच्या पायवाटेनेच धावतो. विश्वंभर पेटी उचलून पळतच राहुटीकडे गेला आणि ती तिसऱ्यांदा बदलून आला. आता वेळ थोडा उरला, तर चूक होऊन कसे चालेल, असे त्याला वाटले. हाच त्याचा विचार होता, आणि त्याला तो फार शहाणपणाचा वाटत होता.

शुद्ध चतुर्दशी उजाडली. मुदतीचा एकच दिवस राहिला. तिसऱ्या प्रहरी सगळे नगर पेट्या काखेत मारून मंडपात जमले. ठेवावी की बदलावी, एवढा एकच प्रश्न सर्वांच्या चेहऱ्यावर होता. गुरुजी खांबाला टेकून बसले होते. विश्वंभराने त्यांच्यापुढे पेटी ठेवली आणि हात जोडले. 

"गुरुजी, माझी मती चालेनाशी झाली आहे. आता तुम्हीच सांगा, कोणती ठेवू?"

"ही कोणती आहे?"

"सूर्याची."

गुरुजींनी पेटी मांडीवर ओढली, चाचपत लाखेवर अंगठा ठेवला आणि कटकन मोहर फोडली.

मंडपातून एक चीत्कार उमटला. जिवाजीने तर आपली पेटी पोटाशी घट्ट धरली, जणू आता तिचीच पाळी होती. 

"गुरुजी! हे काय केलंत? उद्यापर्यंत मुदत होती! आता ही बदलून मिळायची नाही!"

"नाही मिळायची," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी पट उलगडला.

पट सुंदर होता. किरमिजी कापडावर सोनेरी वाट, वाटेवर हत्ती, मोर, दीपमाळा. विश्वंभराची नजर मात्र त्या वाटेवरून धावत थेट शेवटाकडे गेली आणि तिथे थिजली. वाट एका नदीच्या काठाशी येत होती आणि कापड संपत होते. लोक खोटे बोलत नव्हते. शेवटचे घर नव्हतेच. ज्याला तो एवढे दिवस भीत होता, तेच समोर पसरले होते.

गुरुजी सोंगट्या मांडू लागले. लाल त्यांनी लालच्या घरात ठेवली, पिवळी पिवळीच्या. मग हिरवी उचलली आणि काळ्याच्या घरात ठेवली. दुसरी हिरवीही तिथेच ठेवली. ज्यांनी अख्ख्या नगराला सोंगट्या मांडायला शिकवले, त्यांची चूक दाखवायला कोणाची जीभ रेटेना.

"गुरुजी," विश्वंभर पुटपुटला, "ती हिरवी आहे."

"असेल. मला आता हिरवी आणि काळी एकच दिसतात." गुरुजींच्या स्वरात तक्रार नव्हती. "अमावास्येपर्यंत वेगळ्या दिसत होत्या."

विश्वंभराने हिशेब केला. दशमीला पेटी घरात आली होती. अमावास्या त्यानंतर पाच दिवसांनी होती. 

"तुम्ही बोलला का नाहीत?" तो म्हणाला. "मला एकदा रागावून सांगायचं होतंत."

"सांगणार होतो. पण तू इतका भ्याला होतास की माझे डोळे गेल्याचं ऐकून आणखी एकदा पेटी बदलायला पळाला असतास." मग गुरुजींनी मान उचलली आणि आवाजाच्या रोखाने सर्वांकडे पाहिले. "त्या व्यापाऱ्यानं लबाडी केली, यात शंका नाही. एक वस्तू चिरून दोन केल्या. त्याचा राग करा, तो रास्त आहे. पण तुम्हाला कोंडून ठेवलं ते त्यानं नव्हे. अर्धं मिळेल, याचं भय तुम्हाला नाही. एक घेतलं की दुसरं सुटेल, याचं भय आहे. बाबांनो, जे जे हातात घेतलं, त्याच्या बदल्यात काहीतरी सुटलंच आहे. बायको केली, घर बांधलं, गाव निवडलं, तेव्हा काय दोन्ही पेट्या मिळाल्या होत्या? मोहर असेपर्यंत ही पेटी व्यापाऱ्याचीच होती. विश्वंभर नुसता राखण करत होता. आणि या राखणीत जे गेलं, ते बदलून द्यायला कोणताही व्यापारी यायचा नाही." मग त्यांनी जिवाजीला हाक मारली. "जिवाजी, तुझ्याकडे चंद्राची आहे ना? ती उघडलीस तर नदीच्या पलीकडचंही दिसेल आपल्याला."

जिवाजीने पेटीकडे पाहिले, गुरुजींकडे पाहिले. "उद्यापर्यंत विचार करतो, गुरुजी," तो म्हणाला आणि हळूच मागे सरकला.

गुरुजींनी त्याला आग्रह केला नाही. ते पटावरच्या वाटेवरून बोट फिरवत होते. नदीशी येऊन बोट कापडाच्या काठावरून खाली घसरले.

"इथे संपतो का?"

"हो, गुरुजी." विश्वंभराच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. "पुढचं नाही यात. मी चुकीची आणली."

"बरं. मग इथपर्यंत खेळू. फासे दे, आणि रंग तू सांगत जा."

ते खेळू लागले. विश्वंभर प्रत्येक दानाला रंग सांगे आणि गुरुजींच्या डोळ्यांकडे पाही. भय गेले नव्हते. पण आता ते पेटीचे नव्हते. समोर बसलेल्या माणसाचे होते, आणि ते घेऊन खेळता येत होते. गुरुजी पटावर वाकून एकेक चित्र नाकाशी धरून पाहत. हत्तीच्या झुलीवर पटकाराने वेलबुट्टी काढली होती, ती त्यांना दिसली तेव्हा ते मुलासारखे हसले. सगुणाबाईने तिथल्या तिथे आपली पेटी उघडली. तिचीही सूर्याचीच होती, आणि ती घरी जाऊन सुनेबरोबर खेळत बसली, असे पुढे कळले. बाकीचे बहुतेक जण व्यापाऱ्याच्या राहुटीकडे गेले.

पौर्णिमेला व्यापारी निघून गेला. गुरुशिष्यांचा डाव दुसऱ्या दिवशी चालला, तिसऱ्या दिवशी चालला. चौथ्या दिवशी गुरुजींची सोंगटी नदीकाठी पोहोचली. पाचव्या दिवशी ते पटासमोर येऊन बसले, हातांनीच पट चाचपला आणि म्हणाले, "विश्वंभरा, आज माझ्याही सोंगट्या तूच चालव."

थोड्या दिवसांनी जिवाजी कासार गुरुजींच्या घरी आला. काखेत पेटी होती आणि तिच्यावरची मोहर अजून शाबूत होती. पेटी बदलून देणारे आता कोणी उरले नव्हते, तरीही ती शाबूत होती. त्याने इकडेतिकडे पाहिले आणि हळू आवाजात विचारले, "तुमची ती पेटी खेळायला कशी निघाली रे? चांगली आहे का? म्हणजे मग मी ही ठेवावी की कुणाशी अदलाबदल करावी, ते ठरवतो."

विश्वंभर गुरुजींचा हात धरून त्यांना अंगणात आणत होता. पायरीपाशी तो थांबला आणि गुरुजींचे पाऊल खाली टेकेपर्यंत बोलला नाही.

"ते मला नीटसं कळलं नाही, जिवाजीकाका," तो म्हणाला. "एकोणीस दिवस ती आमच्या घरात बंद होती. खेळायला चारच मिळाले."